रिळिंग खात्यातल्या नागूबाईंना

नागूबाई, आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. बारा वर्षं आपण ते भांडत होतो, आणि मला वाटायचं की अजून बारा वर्षं तरी ते सहज पुरेल. यल्लम्माचा जीव कुणी वाचवला, एवढंच ते भांडण. मी म्हणायचो तुम्ही, आणि तुम्ही म्हणायचात मी. गिरणीत कुणी नवं माणूस आलं की तुम्ही मला बोटानं दाखवून सांगायचात, "ह्यो आमचा कारकून बारीक दिसतोय, पर येका पोरीचा जीव मुठीत धरून दवाखान्यापतुर गेलाय." मी लाजून खिडकीत मान घालायचो. आता तुम्ही नाही. उत्तर द्यायला कुणी नाही म्हटल्यावर लोक तुमचंच खरं धरून चालतील. म्हणून एकदा सगळं सरळ सांगून टाकतो. मध्ये बोलू नका.

तेव्हा मला गिरणीत लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. रिळिंग खात्याच्या दाराला लागून हजेरीची खोली, खोलीला एक खिडकी आणि खिडकीत मी. आत तुमच्या बायका सुताच्या लड्या करायच्या. तुम्ही त्यांच्यावरची नायकीण. मैंदर्गीच्या रानातून गिरणीत आलेल्या, अंगानं उंच, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी, आणि राग आला की नुसतंच कानडी. मला तुमची धास्ती वाटायची, हे तुम्हांला ठाऊक होतं. तुम्ही माझ्या पाठीमागं मला काय म्हणायचात ते मलाही ठाऊक होतं. "कागदातली कसर." खोटं नव्हतं ते. साहेबाची सावली पडली तरी मी खुर्चीतून उठून उभा राहायचो. साहेब निघून गेला तरी काही वेळ उभाच असायचो.

त्या दिवशी दुपारची सुट्टी संपून भोंगा झाला आणि मी हजेरीचं बुक घेऊन आत आलो. उन्हाळा होता. वरच्या लोखंडी दांड्यावरून यंत्रं फिरवणारे कातडी पट्टे खाली उतरलेले, ते नुकतेच फिरायला लागले होते. यल्लम्मा माझ्यापासून पाच-सहा पावलांवर होती. भवानी पेठेतल्या विणकराची मुलगी, अठरा-एकोणीस वर्षांची, बोलताना तेलुगू आणि मराठी एकात एक घालायची आणि स्वतःच हसायची. खाली पडलेली सुताची बॉबिन उचलायला ती वाकली. पदर पट्ट्यात गेला. तो सोडवायला तिनं उजवा हात घातला, आणि हातही गेला.

पुढचं मला आवाजानंच आठवतं. पट्टा चाकावर नेहमी एका सुरात फटफटतो. तो सूर मोडला. एवढ्यात तुम्ही कोपऱ्यातला बांबू उचलून धावलात आणि एका धक्क्यात पट्टा चाकावरून उतरवलात. बायका किंचाळत मागं सरल्या. मीही सरलो. हे मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही, तुम्हांलाही नाही, पण तुम्ही ते बघितलं होतं. मी दोन पावलं मागं सरलो होतो, नागूबाई. बुक छातीशी धरून.

तुम्ही माझ्याकडं बघून ओरडलात, "कारकून! हितं या! बुक टाका ते!"

मी बुक टाकलं. तुम्ही माझा हात धरून तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला नेलात आणि माझा अंगठा तिथं रोवलात. "हितं. हाडावर दाबा. जीव गेला तरी सोडायचं न्हाय." खाली बघू नका, असंही म्हणालात. मी बघितलं. कोपराखाली हात म्हणावा असं काही उरलं नव्हतं. रक्त उसळ्या मारत येत होतं, आणि मी दाबल्यावर ते कमी झालं. ते कमी झालेलं दिसलं, त्या क्षणी माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे.

"धोतर फाडा," तुम्ही म्हणालात. माझे दोन्ही हात गुंतलेले. मग तुम्हीच वाकून माझ्या धोतराचा सोगा दातांनी फाडलात, दंडावर गुंडाळलात, गाठीत एक लाकडी बॉबिन खुपसलीत आणि पीळ घातलात. आणखी एक. आणखी एक. यल्लम्मा "अम्मा, अम्मा" करत होती. तुम्ही तिला कानडीत काही सांगत होतात, ती तेलुगूत उत्तर देत होती. तुम्हां दोघींना एकमेकींचं कळत होतं असं मला वाटलं.

फाटकाबाहेर टांगा होता. टांगेवाल्या चाचांनी एकदा मुलीकडं बघितलं आणि विचारलं काहीच नाही. "बाबू, तुमे छोकरी कू पकडो. रस्ता मै देखतूं." तळ्याच्या बाजूनं टांगा उडत गेला. तिचं डोकं तुमच्या मांडीवर आणि तिचा दंड माझ्या हातात. माझा अंगठा बधिर झाला, मग दुखायला लागला, मग पुन्हा बधिर झाला. मध्येच मी म्हणालो, "नागूबाई, मला चक्कर येते आहे." तुम्ही म्हणालात, "यिऊ द्या. अंगठा तेवढा हितंच ऱ्हाऊ द्या."

दवाखान्यात डॉक्टरांनी बांध बघितला आणि मान वर केली. "हा कुणी बांधला?"

मी म्हणालो, "यांनी."

तुम्ही म्हणालात, "ह्येंनी."

भांडण तिथून सुरू झालं.

यल्लम्मा जगली. हात कोपराच्या वरून काढावा लागला, पण जगली. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं की आता धोका नाही. मी पायीच घरी आलो. शुक्रवार पेठेत लोक माझ्या अर्ध्या धोतराकडं आणि त्यावरच्या डागांकडं बघत होते. दारात माझी बायको, जानकी, उभी होती. तिनं "तुम्हांला लागलंय का?" एवढंच विचारलं. मी "नाही" म्हणालो, मोरीत जाऊन बसलो आणि ती पाणी घालत राहिली. माझ्या तोंडून पुढं एक अक्षर निघालं नाही.

मला वाटलं होतं, झालं. मुलगी वाचली, आता आनंद व्हावा. पण दुसऱ्या दिवशी गिरणीत गेलो आणि लेखणी धरवेना. हात कापत होता. बुकात नावं लिहायची तर अक्षरं ओळीच्या वर-खाली उड्या मारायची. जेवायला बसलो की लोखंडाचा वास यायचा. माझा उजवा अंगठा आपोआप काहीतरी दाबत असायचा. कधी पाटाची कड, कधी लोट्याचा काठ, आणि एकदा जानकीच्या लक्षात आलं की मी माझाच डावा दंड दाबून बसलो आहे. खात्यात पाऊल टाकायचं धाडस होईना. मी उंबऱ्यावरून हजेरी घ्यायला लागलो. बायका आतून ओरडून "हाय, हाय" म्हणायच्या, मी खूण करायचो आणि पळून खोलीत यायचो. घरी जानकीवर खेकसायचो. ती मुलगी मेली असती तर लोक म्हणाले असते, बिचाऱ्याला धक्का बसला. पण ती वाचली होती. वाचवणाऱ्यानं असं कापत बसायचं म्हणजे काय? मला माझीच लाज वाटत होती.

पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तुम्ही खिडकीशी आलात. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. खिडकीखालच्या पायरीवर बसलात आणि म्हणालात, "बाहेर या. हितं बसा."

"मला काम आहे."

"हात तर कापतोय. काम काय करताय?"

मी बाहेर येऊन बसलो. तुम्ही कडक भाकरीचा अर्धा तुकडा आणि त्यावर शेंगाची चटणी माझ्यापुढं धरलीत. आमच्या घरी बाहेरचं खायची चाल नव्हती. मी खाल्लं. सहा दिवसांत पहिल्यांदा अन्नाला अन्नाची चव लागली, ती त्या चटणीची.

"आता सांगा," तुम्ही म्हणालात.

"काय सांगू?"

"त्या दिवशी काय झालं त्ये."

"तुम्ही होताच की तिथं."

"मी माझ्या डोळ्यानं बगितलं. तुमच्या डोळ्यानं काय बगितलं, त्ये सांगा."

मी सांगायला लागलो. पट्ट्याच्या आवाजापर्यंत आलो आणि पुढं जाता येईना. तुम्ही घाई केली नाहीत. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा उठलात आणि म्हणालात, "ऱ्हायलेलं उद्या." दुसऱ्या दिवशी मी टांग्यापर्यंत पोचलो. तिसऱ्या दिवशी दवाखान्यापर्यंत. चौथ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "परत पयल्यापासनं." मला राग आला. मी म्हणालो, "तुम्हांला कसं काहीच वाटत नाही? तुमचा हात कापत नाही, तुम्ही जेवता, हसता. काळीज आहे का दगड?"

ते बोलायला नको होतं मी. पण बोललो, आणि म्हणून मला तुमची गोष्ट कळली.

तुम्ही पायरीच्या दगडावर बोट फिरवत होतात. मग मैंदर्गीच्या रानातलं सांगितलंत. तुमचे यजमान बाभळ तोडत होते. कुऱ्हाड निसटून मांडीत बसली. तुम्ही त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलात. भोवती दहा माणसं जमली. कुणी हळद आणली, कुणी राख, कुणी देवाला नवस बोललं. "दाबलं कुणीच न्हाय, कारकूनदादा. मी बी न्हाय. मला ठावंच न्हवतं. माझ्या म्होरं गेलं समदं रगात जमिनीत. त्येंनी माझ्याकडं बगितलं, आन मी नुसती 'अय्यो शिवा, अय्यो शिवा' करत बसले."

पुढं तुम्ही सोलापुरात आलात, गिरणीत लागलात. भवानी पेठेत तुमच्या बोळात एक गृहस्थ राहायचे. मोठ्या लढाईत जखमांना पट्ट्या बांधायच्या कामावर होते. एकदा बोलता बोलता ते म्हणाले की मांडीतली शीर दाबून वरून आवळलं तर माणूस वाचतो. तुम्ही त्यांना म्हणालात, मला दाखवा. त्यांनी दाखवलं. तुम्ही म्हणालात, पुन्हा दाखवा. "किती येळा दाखवलं आसंल त्येंनी! वळकटीला बांधायची, खांबाला बांधायची, माझ्याच दंडाला बांधायची. शेजारणी म्हनायच्या, नागूला येड लागलं. मालक तर गेले हुते. आता शिकून काय करनार हुते मी? पर शिकल्याबिगर मला बसवंना."

मग तुम्ही माझ्याकडं वळून जे बोललात, ते मी शब्दन् शब्द जपून ठेवलं आहे. "तुमचा हात कापतोय, कारण त्या हातानं काम केलंय. कापू द्या त्येला. चार दिस कापंल, मग थांबंल. माझा हात तवा कापला न्हवता. गारठला हुता. त्यो बारा वर्सं गारठलेलाच हुता. त्या दिशी पोरीच्या दंडाला पीळ घातला, तवा ऊब आली त्येला."

मी तुमच्या पायांना हात लावायला वाकलो. तुम्ही "साकु, साकु" म्हणत उठून गेलात. पुरे झालं, एवढं कानडी मलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला खात्यात नेलंत. सुट्टीची वेळ, यंत्रं थांबलेली. पट्ट्यावर माझा हात ठेवलात. "कातडं हाय नुसतं. बगा." मी हात ठेवून उभा राहिलो. भोंगा झाला, तुम्ही हात काढायला सांगितलंत, आणि पट्टा माझ्यासमोर फिरायला लागला. मी मागं सरलो नाही. बुक उघडून आतूनच हजेरी घ्यायला लागलो. सवयीनं एकेक नाव वाचत गेलो, आणि सवयीनंच वाचून गेलो, "यल्लम्मा."

 मी जीभ चावली. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "हाय." मग तुमच्या शेजारची म्हणाली, "हाय." मग सगळं खातं एका आवाजात म्हणालं, "हाय!" मी यल्लम्माच्या नावापुढं हजर म्हणून खूण केली. गिरणीच्या नियमात ते बसत नव्हतं. त्या दिवशी माझं अक्षर सरळ आलं.

मॅनेजरसाहेबांना अपघाताचा कागद हवा होता. एक ओळ पुरे, असं ते म्हणाले: कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळं. मी खोलीत आलो आणि ती ओळ लिहिली. हो, लिहिली. तुम्ही खिडकीत येऊन विचारलंत, "काय लिवलंय? वाचा." मी वाचलं. तुम्ही ओरडला नाहीत, रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "तुमी मला चार दिस जे सांगितलं, त्येच्यात ह्ये न्हवतं."

मी तो कागद फाडला आणि पायरीवर बसून तुम्हांला जे सांगितलं होतं तेच लिहून काढलं. पट्ट्याभोवती जाळी नाही, वाट अरुंद आहे, पडलेली बॉबिन उचलायला पट्ट्याजवळ वाकावंच लागतं. तीन पानं झाली. साहेबांनी ती वाचली आणि मला विचारलं, "हे कुणी लिहायला सांगितलं?" मी म्हणालो, "साहेब, मी तिथं होतो." याहून जास्त बोलायची माझी छाती झाली नाही. आवाजही किती बारीक निघाला! तुम्हांला मात्र मी जरा मोठ्या आवाजात बोललो असं सांगितलं. आज कबूल करतो. पुढं त्यांनी मला बरेच दिवस घालूनपाडून बोलायचं सोडलं नाही. पण तो पावसाळा सरायच्या आत पट्ट्यांना जाळ्या बसल्या. पहिली जाळी बसली त्या दिवशी तुम्ही तिच्यावर बोटं आपटून बघितलीत आणि खिडकीकडं वळून नुसती मान हलवलीत. मला कुणी पागोटं बांधलं असतं तरी इतकं बरं वाटलं नसतं.

तोवर आपण दवाखान्यात यल्लम्माला भेटायला गेलो होतो. ते तुम्हांला आठवायला आवडायचं नाही, पण मला सांगितलंच पाहिजे. ती खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. तुम्ही तिच्या केसांवरून हात फिरवलात. ती वळली नाही. म्हणाली, "कशाला जिवंत ठेवलंत मला? एका हातानं विणकराच्या घरात काय करू? भिंतीला टेकून बसू?" तिची आई रडायला लागली. मी तसाच बाहेर आलो. पायऱ्यांवर बसून तुम्हांला म्हणालो, "बरोबर आहे तिचं. आपण तिला कशासाठी वाचवलं? आपल्याला बरं वाटावं म्हणून?"

तुम्ही इतक्या चिडलात की आधी सगळं कानडीत निघालं. मग मराठीत आलात. "जगावं का न्हाय, त्ये तिनं ठरवावं. मला शिव्या देऊ दे, तुमाला देऊ दे. पर ठरवायला ती हाय की! माझ्या मालकाला कुटं ठरवायला मिळालं?"

 

यल्लम्मानं कधी आभार मानले नाहीत. तुम्ही तिच्या घरी जात राहिलात, ती तोंड फिरवत राहिली, तुम्ही तिच्या आईशी बोलून परत येत राहिलात. वर्षभरानं गिरणीत पाळणाघर निघालं, तेव्हा तुम्ही साहेबांच्या दारात जाऊन बसलात. "मुलं सांभाळाय दोनच हात लागत्यात असं कुटं लिवलंय?" यल्लम्मा आली. पहिल्या महिन्यात ती कुणाशी बोलत नव्हती. पुढं मी बघितलं: डाव्या हातात एका पाळण्याची दोरी, पायाच्या अंगठ्यात दुसऱ्याची, आणि तोंडानं तिसऱ्या पोराला तेलुगूत दम. बायका पोरांना अफूची गोळी घालून झोपवायच्या, ती तिनं बंद केली. ज्या बाईच्या पदरात गोळी सापडायची, तिला यल्लम्मा असं बोलायची की ती बाई पुढं आठवडाभर नजर चुकवायची. तुम्ही लांबून ऐकून हसायचात. मी अनेकदा म्हणालो, "तिला एकदा विचारा तरी, अजून राग आहे का." तुम्ही म्हणायचात, "ह्ये इचारायचं नसतं."

आणि तुम्ही बांधायला शिकवणं सुरू केलंत. खात्यात आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला आधी दंड दाबायला, आवळायला शिकवायचात, मग सुताची गाठ. माझी जुनी धोतरं जानकी धुऊन, फाडून पट्ट्या करून द्यायची. बारा वर्षांत किती जणी शिकून गेल्या! वर्ष-दोन वर्षांत एखादा प्रसंग यायचा, कुणाचं बोट, कुणाची टाच. आणि डॉक्टर विचारायचे, तुमच्या खात्यातल्या बायकांना हे येतं कसं? तेव्हा माझी मान तुमच्याकडं वळायची, तुमची माझ्याकडं.

तुमचं दुखणं इतकं थोडक्यात आटपेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मी आलो तेव्हा तुम्हांला ग्लानी होती. मी उशाशी बसलो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून हजेरीतली नावं सांगत बसलो, आज कोण आलं, कोण नाही. ऐकलंत की नाही, कळलं नाही.

तुम्हांला नेलं त्या दिवशी सगळं रिळिंग खातं बोळात होतं. टांगेवाले चाचाही आले होते, आता डोळ्यांनी अधू, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. यल्लम्मा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं डाव्या हातानं आपला उरलेला उजवा दंड चोळला आणि म्हणाली, "कारकूनदादा, तुमी लई जोरात दाबलं हुतं. अजून दुकतंय." मी तिच्याकडं बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. नागूबाई, बारा वर्षं तुम्ही जे विचारू दिलं नाहीत, ते तिनं न विचारता सांगितलं. पण ऐकायला तुम्ही हव्या होतात.

आणखी एक तुम्ही माझ्यापासून लपवलंत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, तेव्हा जानकी जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही." त्या वेळी, मी कुणाशी बोलत नव्हतो तेव्हा, ती एकटी विचारत विचारत भवानी पेठेत तुमच्या घरी आली होती. शुक्रवार पेठेबाहेर एकटीनं पाऊल न टाकणारी माझी बायको! तिनं तुम्हांला विचारलं, "माझ्या घरच्यांना काय झालंय? ते बोलत नाहीत." तुम्ही तिला बसवलंत, चहा दिलात आणि म्हणालात, "मी बगते. पर तुमी हितं आलता म्हनून सांगू नका. त्येंना वाटू दे, मी आपनहून आले." बारा वर्षं मी समजत होतो की तुम्हांला माझा कापणारा हात खिडकीतून दिसला. तुम्ही दोघींनी मिळून मला उभं केलंत आणि मला कळूही दिलं नाहीत. ऐकून मी रडलो, नागूबाई. पण त्या रडण्यात दुःख थोडं होतं. मला अशी दोन माणसं मिळाली, या अभिमानानं ऊर भरून आला होता.

आता परवाचं सांगतो. परवा मालाच्या गाडीवरची लोखंडी पट्टी तुटून हमालाच्या पोटरीत घुसली. ओरडा ऐकून मी खोलीतून धावलो. पोचलो तेव्हा मला करायला काही उरलंच नव्हतं. काशी, तीन महिन्यांपूर्वी लागलेली, तुम्ही शिकवलेली शेवटची मुलगी, गुडघे टेकून बसली होती. बांध पक्का, पीळ पक्का. हमालाला ती सांगत होती, "मामा, माज्याकडं बगा. खाली न्हाय बगायचं." डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल.

संध्याकाळी भोंगा झाला आणि मी घराकडं न जाता भवानी पेठेकडं निघालो. झपाझप चाललो होतो. तुम्हांला काय काय सांगायचं ते मनात लावत होतो, काशीचं बोलणं, डॉक्टरांचा चेहरा. तुमच्या बोळाच्या तोंडाशी आलो, आणि तुमच्या दाराला बाहेरून कडी दिसली.

 तुमची शेजारीण म्हणाली, "कारकूनदादा, कुनाला हुडकताय?" मी म्हणालो, "कुणाला नाही. एक बातमी सांगायची होती." ती म्हणाली, "मग सांगा की." मी तिथं रस्त्यातच तिला सगळं सांगितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "आमची नागू गं!"

काल काशी कामावर आली नाही. आज आली, पण दाराशीच थांबली. दुपारच्या सुट्टीत खिडकीशी येऊन उभी राहिली, दोन्ही हात पदराखाली. "कारकूनदादा, माजं नाव काडून टाका. मला आत जाववत न्हाय. त्यो मामा बरा हाय, तरी मलाच असं का हुतंय?"

तुम्ही असतात तर काय बोलला असतात, ते मला नीट येत नाही. माझ्याकडं तुमचा आवाज नाही. मी खोलीबाहेर आलो, तिला पायरीवर बसवलं आणि शेजारी बसलो. आधी मी माझंच सांगितलं: मी दोन पावलं मागं सरलो होतो, ते. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.  मग तिनं पदराखालून हात बाहेर काढले आणि हळूहळू बोलायला लागली.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. ती थांबली नाही, मीही थांबवलं नाही. साहेब फाटकाकडून आले, आमच्यापुढून गेले. थोड्या वेळानं परत आले आणि या खेपेला समोर येऊन थांबले.

मी उठलो नाही, नागूबाई. काशी बोलत होती.